साल्वरला मागता येत नव्हतं

साल्वर केतिल्सदोत्तिरनं आयुष्यात कधी कुणाकडे काही मागितलं नाही, असं आमच्या हाउविक गावात कौतुकानं सांगत. तिचा बाप केतिल त्याच जातीचा होता. वादळात नाव वाळूत रुतली तर शेजाऱ्याचा दरवाजा ठोठावण्याऐवजी हा दोन दिवस एकटा दोर ओढत बसे. "मागायला तोंड उघडलं की थंडी आत शिरते," असं तो म्हणायचा. साल्वर हे ऐकत वाढली.

तिचा नवरा एव्हिंद समुद्रात गेला आणि परत आला नाही, तेव्हा तिची मुलगी दीसा चौदा वर्षांची होती. साल्वर धक्क्यावर हेरिंग मासे खारवायच्या कामाला लागली. दिवसभर वाकून मासे साफ करायचे, मिठात घोळवून पिंपात रचायचे. बोटांच्या भेगांत मीठ जाई. त्या हिवाळ्यात कुणी तिच्या दारात कोळशाची पिशवी ठेवून गेलं, कुणी कोकराच्या मांसाचा तुकडा. ठेवणाऱ्याचा पत्ता तिला बरोबर लागायचा. आठवड्याभरात त्याच्या दारात हातमोज्यांची नवी जोडी यायची. मग लोकांनी ठेवणंच बंद केलं. मदत करावी तर हिला रात्रंदिवस विणत बसावं लागतं, त्यापेक्षा न केलेली बरी, असं झालं.

काही वर्षांनी दीसा डॉक्टरांच्या घरी कामाला लागली. एका मार्चमध्ये ग्रिम्सबीची एक इंग्रज बोट खाडीत शिरली आणि एका खलाशाला उतरवून गेली. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं दोराच्या चाकात सापडली होती. त्याचं नाव डेरेक. तीन आठवडे तो डॉक्टरांच्या माडीवर पडून होता, आणि त्याचं जेवण वर न्यायचं काम दीसाचं होतं. ऑगस्टमध्ये तो परत आला तो बँडेज काढलेला हात आणि उसना कोट घेऊन, थेट साल्वरच्या स्वयंपाकघरात. मागणी घालायला. तो इंग्रजीत बोलत होता आणि साल्वरला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पण टोपी हातात धरून उभा राहिलेला पुरुष काय मागतो ते कुठल्याही भाषेत कळतं. तिनं त्याच्यापुढे कॉफीचा कप ठेवला. आमच्याकडे तो होकार धरतात.

दीसा निघाली त्या दिवशी धक्क्यावर दोघी उभ्या होत्या. हे मला साल्वरनंच सांगितलं, पण फार वर्षांनी.

"आई, काहीतरी बोल की," दीसा म्हणाली.

"लोकरीचे मोजे वरच ठेवलेत ना? बोटीवर गारठा असतो."

"ठेवलेत."

"मग झालं."

बोटीचा दुसरा भोंगा होईपर्यंत दीसा तिच्याकडे बघत थांबली होती. "तिला काय हवं होतं ते मला दिसत होतं," साल्वर म्हणाली. "जाऊ नकोस, एवढंच मी म्हणायचं होतं. तरी ती गेलीच असती. पण म्हटलेलं तिच्याबरोबर गेलं असतं."

पुढे वर्षातून दोन पत्रं येत. आम्ही बरे आहोत, मुलगी झाली, तिचं नाव मॉरीन ठेवलं. साल्वर उत्तर लिही, आम्हीही बरे आहोत. घरात ती एकटीच होती, तरी 'आम्ही' लिही.

आता मला माझं सांगायला हवं. मी इल्लुगी. राजधानीत, रेक्याविकला, इंग्रजी शिकून एकसष्ट साली गावच्या शाळेत मास्तर म्हणून आलो, तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. गावात इंग्रजी येणारा मी एकटाच, म्हणून इंजिनाच्या माहितीपुस्तकापासून औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीपर्यंत सगळं माझ्याकडे यायचं. मला ते आवडायचं. कोटाच्या खिशाला पेन लावून हिंडायचो.

त्रेसष्टच्या फेब्रुवारीत पोस्टातल्या ओड्नीनं मला रस्त्यात गाठलं. "साल्वरला इंग्रजी पत्र आलंय. तिकडून जाऊन ये. ती काही तुला बोलावणार नाही."

मी गेलो. साल्वरनं पत्र टेबलावर ठेवलेलंच होतं, न फोडता. पत्र डेरेकचं होतं आणि चारच ओळींचं. नाताळापासून दीसा 'व्हेरी पुअर्ली' आहे. 'शी कीप्स आस्किंग फॉर यू.' मॉरीन शहाण्यासारखी वागते. तुमची प्रकृती बरी असेल अशी आशा आहे.

'पुअर्ली' हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. पुअर म्हणजे गरीब, हे ठाऊक होतं. शाळेच्या कपाटात जाडा शब्दकोश होता, दहा मिनिटांच्या वाटेवर. बाहेर बर्फ पडत होतं. आणि खरं सांगायचं तर मला 'माहीत नाही, बघून येतो' असं म्हणायचं नव्हतं.

"नाताळापासून त्यांची जरा ओढाताण चाललीय," मी सांगितलं. "दीसा सारखी तुझी विचारपूस करत असते."

"विचारपूस?"

"म्हणजे तू कशी आहेस, काय करतेस, असं."

आमच्या भाषेत विचारण्याला 'स्पिर्या' म्हणतात आणि मागण्याला 'बिध्या'. मी 'स्पिर्या' म्हणालो. साल्वरनं मान डोलावली. तिच्या चेहऱ्यावर किंचित हसू आलं, ते मला अजून दिसतं. आठ वर्षांत पहिल्यांदा मुलीनं आपली चौकशी केली, याचं ते हसू होतं.

तिनं खोकं भरलं. वाळवलेला मासा, हातमोजे, नातीसाठी निळा स्वेटर. बरोबर चिठ्ठी, मी ठणठणीत आहे, माझी काळजी करू नकोस. पंधरवड्यानं किनाऱ्याची बोट आली, तिच्यावर खोकं गेलं. त्याच बोटीवर माणसालाही जाता आलं असतं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तार आली. ती वाचायला कुणाची गरज पडली नाही. 'डेड' हा शब्द खलाशांच्या गावात सगळ्यांना येतो.

साल्वरनं तीन दिवस दार उघडलं नाही. चौथ्या दिवशी ती धक्क्यावर कामाला आली आणि संध्याकाळपर्यंत रोजच्याइतकीच पिंपं भरली. दीसाला काय झालं होतं ते डेरेकनं पुढे कळवलं. फुप्फुसं. ते पत्रही मीच वाचलं. फेब्रुवारीतल्या त्या पत्राची आठवण मला झाली नाही, की होऊ दिली नाही, हे मी आज सांगू शकत नाही. डेरेकनं पुन्हा लग्न केलं आणि पत्रं थांबली.

अकरा वर्षं गेली. हेरिंग मासे आमच्या किनाऱ्यावरून निघून गेले आणि धक्के ओस पडले. मासे गोठवण्याचा कारखाना आला. साल्वर तिथं काम करून निवृत्त झाली. मग चौऱ्याहत्तरच्या ऑक्टोबरमध्ये मी मोठ्यांसाठी संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग काढला, तर पहिल्या दिवशी पहिल्या बाकावर साल्वर. सहासष्ट वर्षांची, डोक्याला रुमाल, पुढ्यात नवी वही.

ओड्नी मागच्या बाकावर होती. "काय गं, या वयात इंग्रजी? मासे चोरायला खाडीत घुसणाऱ्या इंग्रज बोटींना शिव्या द्यायच्यात का?"

"शिव्या त्यांना आपल्या भाषेतल्याही कळतात," साल्वर म्हणाली.

वर्ग सुटल्यावर ती थांबली आणि एक पत्र काढून माझ्यासमोर धरलं. मी हात पुढे केला तर तिनं कागद मागे घेतला.

"वाचू नकोस. फक्त बघ. नातीचं आहे. सतरा वर्षांची झाली. माझ्या जुन्या खोक्याच्या झाकणावर पत्ता मिळाला म्हणे तिला."

"काय लिहिलंय?"

"तेच मला स्वतः वाचायचंय. दुसऱ्यानं वाचून दाखवलेलं पत्र उष्टं लागतं." तिनं बोट ठेवलं. "एवढं कळलं की पोरगी सारखी काहीतरी मागतेय. हा शब्द बघ, 'आस्क'. चार वेळा आलाय. आणि हा 'प्लीज'. याचं आपल्याकडे काय?"

"प्लीजला आपल्याकडे शब्द नाही, साल्वर."

"एकही नाही?"

"घेणाऱ्याला आपण 'असं छान कर' म्हणतो, देणाऱ्याला 'आभार' म्हणतो. पण मागताना लावायचा असा सुटा शब्द नाही."

"मग एवढी शतकं आपण मागितलं कसं?"

"तुला कुणी मागताना पाहिलंय?"

ती खूप दिवसांनी हसली. "मला मागायचे सगळे शब्द दे," ती म्हणाली. "बाकीचे मागाहून."

असा तो हिवाळा गेला. इतरांना मी दुकान, हवामान, बोटी शिकवायचो. साल्वरच्या वहीत डावीकडे इंग्रजी आणि उजवीकडे आमचे शब्द उतरत होते, आणि सगळे मागण्याचे. 'रिक्वेस्ट' तिला पसंत पडला नाही. तो सरकारी अर्जातला वाटतो, म्हणाली. 'डिमांड' म्हणजे हक्कानं मागणं. तिनं समोर लिहिलं, 'कारखान्यातली संघटना'. 'बेग' म्हणजे भीक मागणं आणि तोच शब्द माफी मागतानाही चालतो, हे ऐकून तिनं तो दोनदा उतरवला. 'इम्प्लोर' विचारला तेव्हा मी आमचा जुना शब्द सांगितला, रडून मागणं.

"हा मला येतो," ती म्हणाली. "वापरला नाही कधी."

आणि 'आस्क' तिला पटेच ना. "विचारायलाही तोच आणि मागायलाही तोच? मग समोरच्याला कळायचं कसं, माणूस उत्तर मागतोय की भाकरी?"

"पुढच्या छोट्या शब्दावरून कळतं," मी म्हणालो. "उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर तीन ओळी लिहिल्या. आस्क अबाउट, एखाद्याविषयी विचारणं. आस्क आफ्टर, विचारपूस करणं. आस्क फॉर, मागणं, माणसाच्या बाबतीत त्याला बोलावणं, तो हवा असणं. उदाहरणही दिलं. "समजा आजारी माणूस डॉक्टरला आस्क फॉर करतो, तर त्याला डॉक्टरची खुशाली नको असते. त्याला तो खाटेजवळ हवा असतो."

ओड्नी म्हणाली, "आपल्या डॉक्टरला बोलावलं तरी खुशालीच कळते, त्याच्या बायकोची." वर्ग हसला. मीही हसलो. साल्वरची पेन्सिल थांबली होती. माझ्या ते लक्षात आलं, पण मला वाटलं, दमली असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या घरी आली. माझी बायको शंकरपाळ्यांसारखे तळलेले क्लेनर कागदावर काढत होती, तिनं बशी पुढे केली. साल्वरनं हात लावला नाही. तिनं पिशवीतून एक जुनं पाकीट काढलं, त्यातला कागद उलगडून माझ्यापुढे ठेवला आणि दुसऱ्या ओळीवर बोट टेकवलं.

"हे मी काल वाचलं," ती म्हणाली. "आता तू वाच."

मी वाचलं. अकरा वर्षांनी 'पुअर्ली' हा शब्द मला चांगला माहीत होता. इंग्लंडच्या त्या भागातले लोक आजाऱ्याला तसं म्हणतात. दीसा फार आजारी आहे. ती सारखी तुम्हाला बोलवा म्हणते. आईचा धोशा लावलाय तिनं.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि ती उठून दुसऱ्या खोलीत गेली.

"तुला तेव्हा कळलं होतं?" साल्वरनं विचारलं.

"नाही."

"मग कळत नाही असं का नाही म्हणालास?"

माझ्याजवळ उत्तर होतं, पण ते इतकं लहान होतं की तोंडातून निघेना. लाज. चोवीस वर्षांच्या मास्तराची लाज. तेवढ्यासाठी एक बाई ग्रिम्सबीत आईची वाट बघत गेली. मी खाली मान घालून बसलो. साल्वरनं कागद जुन्या घड्यांवरूनच नीट मिटला, पाकिटात घातला आणि निघून गेली.

ती वर्गाला येईनाशी झाली. दोन आठवडे मी तिच्या घरावरून जायचं टाळलं, मागच्या वाटेनं शाळेत जात होतो. शेवटी बायको म्हणाली, "तिच्याकडे तू गेला नाहीस तर ती स्वतःहून येणार नाही. तुला माहितीय ना ती कशी आहे."

मी गेलो तेव्हा ती अंगणात फावड्यानं बर्फ काढत होती. मी फावडं घ्यायला गेलो, तिनं दिलं नाही. म्हणून तसाच उभा राहून म्हणालो, "साल्वर, मी माफी मागायला आलोय."

तिनं फावडं बर्फात रोवलं.

"आत्ता दिली तर तू मोकळा होशील," ती म्हणाली. "मग मी एकटीच उरेन त्याच्यात. थोडे दिवस राहू दे."

"बरं."

"तू एक शब्द चुकलास. पण त्या पंधरवड्यात बोट धक्क्याला लागली होती. खोकं मीच तिच्यावर चढवलं, माझ्या हातांनी. मनात आलं होतं, आपणही चढावं. म्हटलं, तिनं बोलावलं तर जाईन. न बोलावता कसं जायचं मुलीकडे." तिनं हातमोजे काढून झटकले. "तिनं बोलावलं होतं. पण नसतं बोलावलं तरी माझे पाय कुणी बांधले होते का? आत चल. मला पत्र लिहायचंय. शब्द सांगू नकोस, चुकले तर तेवढे दाखव."

ते पत्र लिहायला चार दुपारी लागल्या. साल्वर एकेक शब्द वहीतून उचलायची, कागदावर ठेवायची, पुन्हा काढायची. नातीनं विचारलं होतं, माझी आई लहानपणी कशी होती? तिला काय आवडायचं? ती तुमच्याबद्दल कधी बोलली नाही, याचं कारण मी विचारू का? साल्वरनं सगळ्याची उत्तरं दिली. ती मुंग्यांसारखी सरळ वाक्यं होती, एकामागून एक. तिला गरम बटाट्यावरचं लोणी आवडायचं. तिला उंचीची भीती नव्हती. तिनं मला बोलावलं आणि मी आले नाही. शेवटी तिनं मागणं लिहिलं, तू इकडे ये. त्याच्यासाठी कुठला शब्द घ्यावा म्हणून तिनं वहीची तीन पानं चाळली आणि साधा 'आस्क'च घेतला, 'फॉर' न विसरता.

उत्तर मेमध्ये आलं. मॉरीन परिचारिकेचं शिकायला लागली होती, तिला सुट्टी नव्हती. 'पण तूच का येत नाहीस, आजी? प्लीज.'

साल्वरनं पत्र वाचलं आणि टेबलावर ठेवलं. "शब्द नसलेलं बरं असतं बघ," ती म्हणाली. "असा शब्द असला की नाही म्हणता येत नाही."

जूनमध्ये ती निघाली. हाउविकच्या बाहेर तिचं सगळ्यांत लांबचं जाणं म्हणजे दोन खाड्या पलीकडचं एक लग्न होतं. मी बरोबर येऊ का म्हणून विचारलं.

"दुभाषा नको," ती म्हणाली.

तो टोमणा होता की नाही, मी विचारलं नाही. विमानानं ग्लासगो, तिथून तीन गाड्या बदलून ग्रिम्सबी. प्रत्येक स्टेशनावर तिला कुणाला तरी विचारावं लागलं. पहिल्या माणसासमोर ती म्हणे पाच मिनिटं नुसती उभी राहिली होती, तोंड उघडेना. चौथ्या-पाचव्या माणसापर्यंत सवय झाली.

पुढचं मला थोडं तिच्याकडून कळलं, थोडं मॉरीनच्या पत्रांतून. आजीला मागण्याचे तीस शब्द येत होते आणि काट्याचमच्याला काय म्हणतात ते येत नव्हतं. बेकरीत जाऊन तिनं पावासाठी 'आय इम्प्लोर यू' म्हटलं. दुकानदारबाईनं घाबरून एक गोड पाव फुकट घातला. मॉरीननं हे लिहिलं होतं आणि खाली लिहिलं होतं की आजी हसली तेव्हा मला आईचा एक फोटो आठवला, ज्यात ती हसतेय पण आवाज मला कधीच ठाऊक नव्हता.

डेरेकनं समुद्र सोडला होता. बंदरावर पहाऱ्याचं काम करायचा. एका रविवारी दुसऱ्या बायकोला सांगून तो एकटा मॉरीनच्या खोलीवर आला आणि खुर्चीच्या कडेवर बसला. बरीच कॉफी झाल्यावर म्हणाला, एक विचारायचं होतं, बारा वर्षं मनात आहे.

शेवटच्या आजारात दीसाचं इंग्रजी गेलं होतं. ताप चढला की ती फक्त आमच्या भाषेत बोलायची. तिच्या खाटेजवळ कुणालाच काही कळत नव्हतं. एकच बोलणं पुन्हा पुन्हा ऐकून त्याच्या कानात राहिलं होतं. त्यातला 'मामा' हा शब्द आई असणार, एवढ्यावरून त्यानं तेव्हा पत्र लिहिलं होतं. पण आधीचा शब्द काय? त्यानं तो म्हणून दाखवला. "बिद्दू मामा."

"पुन्हा म्हण," साल्वरनं सांगितलं. त्यानं पुन्हा म्हटलं.

आमच्या भाषेत हे दोन शब्द आहेत. बि ऱ्हस्व असला तर 'माग'. 'आईकडे माग', किंवा 'आईला ये म्हण', असं काहीतरी ती सांगत असेल. बी दीर्घ असला तर 'थांब'. आई, थांब. इंग्रजाच्या कानाला आणि बारा वर्षांच्या आठवणीला ऱ्हस्व-दीर्घ कुठून राहणार? साल्वरनं त्याला तीनचार वेळा म्हणायला लावलं आणि प्रत्येक वेळी ते निराळं आलं.

"मला दीर्घच वाटतं," ती मला नंतर म्हणाली. "चार-पाच वर्षांची होती, तेव्हा मी गवताला जायची आणि ही मागून पळत यायची. पाय छोटे. चढावर पोचेपर्यंत सारखं तेच चालायचं, थांब आई, थांब आई. मी थांबत नसे. दुपारच्या आत गवत उलटायचं असायचं." मग म्हणाली, "पण ते मला वाटतं म्हणून. खरं काय, ते आता कुणाला विचारणार?"

"डेरेकला तू काय सांगितलंस?"

"दोन्ही सांगितले. लपवून काय करू? तो म्हणाला, दोन्हीही असतील."

मग तिघं दीसाच्या थडग्यावर गेली. साल्वरनं गावातून एक दगड नेला होता, आमच्या ओढ्यातला, अंड्याएवढा. तो तिनं तिथं ठेवला. थडग्याशी काय बोललीस असं मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी परत आली ती बदलून आली, असं गाव म्हणतं. मला तसं वाटत नाही. पण एक खरं, ती मागायला लागली. पहिल्यांदा ओड्नीच्या दारात जाऊन म्हणाली, "दोन अंडी दे, माझी संपलीत." ओड्नीला इतका धक्का बसला की तिनं आठ दिली आणि दुपारभर गावात सांगत हिंडली. पुढे साल्वर कुणाला सरपण फोडून दे म्हणायची, कुणाला खिडकी बसवून दे. लोक धावत जायचे. तीस वर्षं दारात काही ठेवू न शकलेलं गाव होतं ते.

आणि दरवर्षी मेमध्ये ती मॉरीनला लिहायची, ये. पुढच्या सहा वर्षांत मॉरीन दोनदा आली. एकदा एकटी, एकदा नवरा आणि तान्हं मूल घेऊन. बाकीच्या चार उन्हाळ्यांत काही ना काही निघालं. परीक्षा, घर, पोराचा गोवर. साल्वर पत्र वाचून म्हणायची, "बरोबर आहे तिचं." तरी जूनभर माडीवरची खोली झाडून ठेवायची, खाटेवर धुतलेल्या चादरी. जुलैच्या मध्यावर त्या चादरी काढून परत कपाटात ठेवायची. एकदा मी म्हटलं, "कशाला आशा लावतेस? न मागितलेलं बरं होतं, निदान वाट तरी बघावी लागत नव्हती."

"तेव्हाही बघतच होते," ती म्हणाली. "फक्त कुणाला ठाऊक नव्हतं."

आमच्या गावाला दोन्ही बाजूंनी डोंगर आहेत. नोव्हेंबरच्या अखेरीला सूर्य त्यांच्यामागे जातो आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत दिसत नाही. तो परत येतो त्या दिवशी घरोघरी पातळ घावन करतात आणि कॉफी पितात. ब्याऐंशीच्या जानेवारीत साल्वरचं हृदय थकलं होतं. डॉक्टरनं तिला बाहेर पडू नको म्हणून बजावलं होतं. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तिनं मला निरोप पाठवला.

"इल्लुगी, तुझ्या जीपमधून मला खिंडीपर्यंत ने."

"डॉक्टर माझा जीव घेईल."

"त्याला सांग, मी मागितलं."

खिंडीतून सूर्य गावाच्या आधी पाच-सहा दिवस दिसतो. मी तिला घोंगड्यांत गुंडाळून पुढच्या सीटवर बसवलं. बायकोनं थर्मासमध्ये कॉफी आणि डब्यात घावन दिले. बर्फातून जीप हळूहळू चढली. खिंडीच्या माथ्यावर थांबून इंजिन बंद केलं, तेव्हा साडेअकरा झाले होते. खाली गाव निळ्या सावलीत होतं, घरांच्या चिमण्यांतून धूर सरळ वर येत होता.

ती दक्षिणेकडे बघत होती, समुद्राच्या बाजूला. "ग्रिम्सबी या दिशेला का?"

"साधारण."

"मॉरीनकडे आत्ता काय वाजलं असेल?"

"इकडच्याइतकंच. हिवाळ्यात त्यांचं आपलं घड्याळ एकच असतं."

हे तिला माहीत नव्हतं. तिला ते फार आवडलं. "म्हणजे ती पण आत्ता साडेअकराच्या कामात आहे," ती म्हणाली.

सूर्य वर आला, म्हणजे कडेवर टेकला, वीस-पंचवीस मिनिटं. तिनं रुमाल मागे सारला आणि चेहरा उन्हात धरला. डोळे मिटले होते. मी घावनाचा डबा उघडला, तिनं एक मागून घेतला, मग आणखी एक. तिनं मला कधी माफी दिली की नाही, हे मला सांगता येणार नाही. मी पुन्हा विचारलं नाही आणि तो विषय पुन्हा निघाला नाही. ऊन गेल्यावर ती म्हणाली, "चल खाली. थंडी वाजतेय."

मार्चच्या दहा तारखेला ती झोपेतच गेली. मॉरीनला तार करायला ओड्नी निघाली होती. मी म्हटलं, मी फोन लावतो. मॉरीनला आजी गेल्याचं सांगितलं. मग तिनं विचारलं की अंत्यविधी चार दिवस लांबवता येईल का. मी पाद्रींना विचारून सांगतो म्हणालो, पण फोन ठेवला नाही. तिला तिथंच हो म्हटलं. ती पाचव्या दिवशी दुपारी किनाऱ्याच्या बोटीनं आली. कडेवर तीन वर्षांचा मुलगा होता, आणि धक्क्यावर अख्खं गाव उभं होतं.